आधी वायपर, मग कॅमेरा

७ जुलै १९६२च्या रात्री मुंबईकडे येणारे अलितालियाचे विमान वेळेआधीच खाली उतरू लागले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले, एकही वाचला नाही. आज तो डोंगर साठवलेल्या नकाशावरून वैमानिकाच्या पडद्यावर हुबेहूब उभा करता येतो. विमानाच्या नाकाशी बसवलेला अवरक्त कॅमेरा अंधारातही उष्णतेच्या फरकावरून धावपट्टी टिपतो आणि ते चित्र डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर दिसते. अमेरिकेने तर २०१६ मध्ये या चित्राच्या भरवशावर थेट चाके टेकवण्याची मुभा दिली.

आमच्या मराठवाड्यातल्या मंठ्याहून विमान गाठायचे तर चिकलठाणा किंवा नांदेडचा विमानतळ. म्हणून हे तंत्र आपल्याकडे यावे, अशीच आमची इच्छा आहे. पण आपली अडचण धुक्याइतकीच पावसाची आहे, आणि दाट धुक्यात, मुसळधार सरीत अवरक्त कॅमेऱ्याची नजरही मंदावते. शिवाय एलईडी दिवे फारशी उष्णता फेकत नाहीत, त्यामुळे जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यांना ते दिसतच नाहीत. धावपट्टीवरचे दिवे बदलताना याचा विचार व्हायलाच हवा.

जून १९८२ मध्ये मुंबईच्या पावसात उतरताना एअर इंडियाच्या विमानातले १७ जण दगावले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसातच उतरताना झालेल्या अपघातात नागपूरचे कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जणांचा बळी गेला. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, हे चौकशीत निघाले. पण पहिल्या प्रयत्नात कॅप्टनसमोरचा वायपर बंद पडला होता, हेही त्याच अहवालात आहे. लाखमोलाच्या कॅमेऱ्याआधी हा साधा वायपर प्रत्येक उड्डाणापूर्वी कसून तपासला जातो का, याचे उत्तर प्रवाशांना मिळाले पाहिजे.

कॅमेऱ्याआधी हवी अशी दुसरी गोष्ट म्हणजे ‘गगन’. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही उपग्रह प्रणाली वैमानिकाला किती उंचीवरून, कोणत्या रेषेत उतरायचे ते सांगते. त्यासाठी धावपट्टीशेजारी महागडी यंत्रणा उभारावी लागत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगडला तिच्या आधारे प्रवासी विमान कंपनीचे एटीआर विमान उतरलेही. मराठवाड्यातल्या प्रत्येक धावपट्टीला ही सोय आधी मिळाली पाहिजे. भाड्याच्या छोट्या विमानांना ती वापरणारे उपकरण सक्तीचे करावे. आणि ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकाने विमान हैदराबादला वळवले, तर मालकाने किंवा विमानात बसलेल्या बड्या पाहुण्याने त्याला जाब विचारता कामा नये, असे नियमात स्पष्ट लिहावे.