मेल नेमका कुठे थांबतो?

न्हावा-शेवा बंदरात उद्या जहाज लागणार असेल, तर आयात मालाचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं विवरण, साधारणपणे आजचा दिवस संपायच्या आत भरावं लागतं. २०२१ साली सीमाशुल्क कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून हा नियम आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. आता समजा, शांघायच्या पुरवठादाराने दुपारी तीनला पाठवलेलं इन्व्हॉइस कस्टम्स ब्रोकरच्या मेल सर्व्हरवर रात्री दहापर्यंत रांगेतच पडून राहिलं. त्या सात तासांची किंमत कुणीतरी मोजतं, आणि बोलणी खातो तो त्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा मुलगा.

सारसोळ्यापासून नेरूळ-बेलापूरपर्यंत क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची, वाहतूकदारांची, कंत्राटदारांची अशी छोटी ऑफिसं पुष्कळ आहेत. वीस ते साठ माणसं, पँट्रीशेजारच्या खोलीत सर्व्हर, आणि फोनवर दिवसभर तोच संवाद: ‘मेल केलाय साहेब, बघा.’ ‘नाही आला हो, व्हॉट्सॲपवर टाका.’ हे रोजचं झालं की मालक वेंडरला बोलावतात आणि कोटेशन येतं: नवा सर्व्हर, दोन प्रोसेसर, कोअर दुप्पट, आकडा लाखांत. आजचा स्तंभ या कोटेशनवर आहे. त्यातला मोठा खर्च बहुतेक वेळा जिथे दुखणं नाही तिथे होतो, आणि छोट्या धंद्यात ते पैसे घामाचे असतात.

मेल सर्व्हरला आकडेमोड फार नसते. त्याला लिहायचं असतं. बाहेरून मेल आला की तो आधी डिस्कवर नीट उतरवायचा आणि मगच समोरच्या सर्व्हरला ‘मिळाला’ म्हणून कळवायचं, हा या व्यवहाराचा मूळ करार आहे. एकदा ‘मिळाला’ म्हटलं की तो मेल हरवू न देण्याची जबाबदारी तुमची. म्हणून प्रत्येक मेल रांगेत लिहिला जातो, स्पॅम आणि व्हायरसची तपासणी होते, बऱ्याच ठिकाणी तपासणीनंतर तो पुन्हा रांगेत लिहिला जातो, मग पेटीत जातो, अनुक्रमणिका बदलते, लॉगमध्ये नोंद होते. एका मेलमागे डिस्कवर आठ-दहा छोट्या फेऱ्या सहज होतात. तोच मेल ‘डॉक्युमेंट्स’ नावाच्या ग्रुपवर आला आणि त्यात पंधरा माणसं असली, तर पंधरा पेट्यांत पंधरा नोंदी. शिवाय जोडलेली फाइल मेलमधून जाताना बेस-६४ पद्धतीने फुगते. ९ एमबीचं पीडीएफ १२ एमबीच्या वर जातं.

आता डिस्ककडे बघा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्यात हेड हलवायचा वेळ मिळवायचा. विखुरलेल्या जागी लिहायचं असेल तर अशी डिस्क सेकंदाला ७५-८० कामांच्या पुढे फारशी जात नाही. अशा तीन डिस्क रेड-५ मध्ये, म्हणजे एक मेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत, लावल्या की प्रत्येक छोट्या लेखनासाठी चार क्रिया होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डेटा परत उभा करायचा हिशेब) वाचा, दोन्ही नव्याने लिहा. म्हणजे तिन्ही मिळून सेकंदाला सव्वादोनशे क्रिया, आणि हातात जेमतेम ५६ लेखनं. फाइल सर्व्हर म्हणून ठीक चालणारी हीच मांडणी मेलसाठी कुचकामी ठरते. रेड-५ मध्ये जागा जास्त मिळते म्हणून ती घेतली जाते. ऑफिस मात्र जागेसाठी अडलेलं नसतं.

मग दोष प्रोसेसरला का लागतो? लिनक्सवर सगळेजण आधी ‘लोड ॲव्हरेज’ बघतात. तो २० किंवा ३० दिसला की प्रोसेसर दमला असं वाटतं. पण लिनक्समध्ये या आकड्यात डिस्कची वाट बघत अडून बसलेल्या प्रक्रियासुद्धा मोजल्या जातात. प्रोसेसर नव्वद टक्के मोकळा आणि लोड २५, हे दृश्य मेल सर्व्हरवर नेहमीचं. अशा वेळी कोअर वाढवणं म्हणजे वाशीच्या एपीएमसीत गेट एकच असताना हमाल दुप्पट करणं. ‘टॉप’मध्ये ‘डब्ल्यूए’ हा डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळाचा आकडा बघा, ‘आयओस्टॅट’मध्ये प्रत्येक डिस्कचा प्रतीक्षाकाळ बघा. सोमवारी सकाळी दहा ते बारा, महिन्याचा शेवटचा दिवस, रात्रीच्या बॅकअपची वेळ, असे आकडे आठवडाभर टिपून ठेवा. याला एक रुपया लागत नाही. तरी हे कुणी करत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. ‘क्यूशेप’ ही आज्ञा रांगेतले मेल कोणत्या डोमेनसाठी आणि किती मिनिटांपासून थांबलेत त्याचा तक्ता देते. सगळी गर्दी एकाच बाहेरच्या डोमेनसाठी असेल, तर तुमचा आयपी काळ्या यादीत गेलेला असू शकतो किंवा समोरचा मुद्दाम ‘नंतर या’ म्हणत असतो. तिथे कितीही महागडं यंत्र आणलं तरी रांग हलणार नाही.

दुखणं भलतीकडे शोधायची ही सवय जुनी आहे. आपल्याकडे ई-मेलची सुरुवात झाली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यातल्या डायल-अप जोडणीवर. तेव्हा अडसर टेलिफोनची तार हाच होता. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरही बरीच वर्षं तोच होता. त्यामुळे ‘लाइन वाढवा’ हे आपल्या अंगवळणी पडलंय. आज गल्लीबोळात फायबर आहे आणि अडसर खोलीतल्या डिस्कवर येऊन बसलाय.

नवं काही विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासाच: रेड कंट्रोलरची बॅटरी. चांगल्या कंट्रोलरवर थोडी मेमरी असते. लेखन आधी तिथे घेऊन तो लगेच ‘झालं’ म्हणतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज गेली तर ती मेमरी राखायला बॅटरी असते. काही वर्षांत ती मरते. मेली की बहुतेक कंट्रोलर सुरक्षिततेसाठी ही सोय गुपचूप बंद करतात आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर करायला लागतात. कालपर्यंत बरा चालणारा सर्व्हर आज रांगा लावतो, आणि ऑफिसात म्हणतात की माणसं वाढली म्हणून झालं. खाडीकाठच्या दमट हवेत, एसी नसलेल्या खोलीत, ही बॅटरी पहिली संशयित. एएमसीवाल्याकडून तिची स्थिती लेखी घ्या.

बॅटरी ठीक असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर. दोन एसएसडी आरशासारख्या जोडीने, म्हणजे रेड-१, आणि त्यांच्यावर मेलची रांग, अनुक्रमणिका आणि चालू पेट्या. जुने मेल फिरत्या डिस्कवर राहू द्या, त्यांना घाई नसते. पण लॅपटॉपची स्वस्त एसएसडी इथे लावू नका. तिच्यात वीज गेल्यावर हातातलं लेखन पुरं करणारे कपॅसिटर नसतात, आणि मेल सर्व्हर क्षणोक्षणी ‘खरंच लिहिलंस ना?’ असं विचारतो तेव्हा ती मंदावते. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. यूपीएस किती मिनिटं टिकतो आणि संपायच्या आत सर्व्हर आपोआप बंद होतो का, हे बहुतेकांना अशाच दिवशी कळतं. सर्व्हरसाठीची, कपॅसिटर असलेली एसएसडी महाग असते. ते पैसे द्या.

दुसरा खर्च रॅमवर. क्लॅमएव्ही या व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमला व्हायरसच्या खुणा मेमरीत ठेवायला १ जीबीहून जास्त लागतं, आणि २०२०च्या ०.१०३ आवृत्तीपासून नव्या खुणा भरताना जुन्याही काही काळ सोबत राहतात, म्हणजे तेवढ्यापुरती गरज दुप्पट. ८ जीबीच्या सर्व्हरवर नेमकं तेव्हाच स्वॅप, म्हणजे रॅममधलं ओझं डिस्कवर ढकलणं, सुरू होतं आणि डिस्कवरचा भार आणखी वाढतो. १६ किंवा ३२ जीबी घ्या, तीही चूक स्वतः सुधारणारी ईसीसी. उरलेली रॅम वाया जात नाही, वारंवार लागणारे मेल लिनक्स तिथेच धरून ठेवतो. प्रोसेसरचा विचार यानंतर, आणि आकडे तसं सांगत असतील तरच.

ज्यांच्याकडे मेलसाठी एक्सचेंज २०१६ किंवा २०१९ आहे त्यांनी मात्र हार्डवेअरवर काही खर्च करू नये. या दोन्हींचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. आधी सॉफ्टवेअर बदला.

आणि ज्या ऑफिसात सर्व्हर समजणारं माणूसच नाही, त्यांनी मेल बाहेरच्या सेवेवर न्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारनेही सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो कंपनीकडे नेले. महापे, रबाळे, ऐरोलीला मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तो ग्राहकाची कागदपत्रं आपल्या ताब्यात राहावीत म्हणून, आणि मग त्याची निगा राखणाऱ्या माणसाचा पगारही त्याच खर्चात धरायचा.

डिस्क बदलायला रविवारची पहाट पुरते. मालकांना भीती असते की तेवढ्यात आलेले मेल बुडतील. सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडे ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस थांबावं, असं एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीचं मानकच सांगतं. आदल्या रात्री पेट्यांची पहिली प्रत नव्या डिस्कवर काढा, पहाटे सर्व्हिस थांबवून फक्त फरक उतरवा, सुरू करा, आणि सोमवारी दहा वाजता पुन्हा तेच आकडे टिपा.