‘खेळतोस ना?’ असे विचारू नका

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. मीही तो वसतिगृहात मोबाईलवरच पाहिला. लंबगोल मैदान, एका बाजूला १८ गडी, अंगात बिनबाह्यांची जर्सी आणि संरक्षण म्हणावे तर जवळजवळ काहीच नाही. उंच आलेला चेंडू झेलायला गडी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर झेपावतो! पाहताना अंगावर काटा येतो आणि, खरे सांगायचे तर, आवडतेही.

तेथील क्लब दरवर्षी अठराएक वर्षांची मुले क्रमाने निवडतात. २०१४ साली पहिला निवडला गेला पॅडी मॅकार्टिन, तिसरा अँगस ब्रेशॉ. मॅकार्टिनच्या डोक्याला वारंवार मार बसला आणि त्याचा खेळ सुटला. २०२२ मध्ये तो सिडनीकडून धाकट्या भावासोबत पुन्हा उभा राहिला, अंतिम सामनाही खेळला. २०२३ मध्ये पुन्हा मार बसला. संपले! वय २७.

ब्रेशॉ मऊ हेल्मेट घालून खेळे. मेंदू कवटीच्या आत हादरतो, त्याला हेल्मेट काय करणार? २०२१ मध्ये मेलबर्न क्लबने ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवले, त्या संघात तो होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची किक अडवायला कॉलिंगवुडच्या ब्रेडन मेनार्डने उडी घेतली आणि त्याचे अंग ब्रेशॉच्या डोक्यावर आदळले. मेनार्ड निर्दोष सुटला. त्याच महिन्यात तो विजेत्या संघातही होता. ब्रेशॉ मात्र पुढे मेंदूच्या तपासण्या होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये १६७ सामन्यांवर निवृत्त झाला. वय २८. मला मेनार्डला दोष द्यावासा वाटत नाही. ती उडी तेव्हा नियमात बसत होती. नियम नंतर बदलला.

याच खेळातील डॅनी फ्रॉली आणि शेन टक यांच्या मेंदूत असल्या माऱ्यांनी जडणारा आजार आढळला, तोही मृत्यूनंतर. आता तेथे मेंदूला धक्का बसलेला खेळाडू बाराव्या दिवसाआधी खेळू शकत नाही. बारा दिवस पुरेसे की नाहीत हा वाद निराळा. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, मैदानात परतायचे की नाही, हे त्या मुलाला विचारले जात नाही. डॉक्टर सांगतात, तो बसतो.

आपल्याकडे जखमी गडी खेळत राहिला की लगेच बाजीप्रभूंचे नाव निघते. अहो, बाजीप्रभू खिंड लढवीत होते, ढाल जिंकायला गेले नव्हते! आणि आमच्यासारख्यांना विचारलेच, तर उत्तर ठरलेले. माझे वडील हमाली करतात. कंबर धरली तरी ‘जमेल ना?’ला त्यांनी कधी ‘नाही’ म्हटलेले मी ऐकले नाही. खेळाच्या जोरावर कुठे नोकरी लागेल, या आशेवर मी कबड्डी खेळतो. यंदा अंतिम सामन्यात पकड करताना कानशिलावर गुडघा बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी विचारले, “खेळतोस ना रे?” मी “हो” म्हणालो. टाळ्या पडल्या.

आम्ही जिंकलो. ढालीसोबतचे आमचे छायाचित्र याच अंकात आहे. त्यात मी हसतो आहे. ते केव्हा काढले, मला आठवत नाही.