धावणारे पोहोचले, पैसे कोठवर पोहोचले?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात एका रविवारी पहाटे मोठी दौड झाली. त्याआधी महिनाभर चौकाचौकांत फलक लागले होते. फलकावर वसतिगृहातील मुलींचे छायाचित्र आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘यांच्या शिक्षणासाठी धावा’. नोंदणी शुल्क आठशे रुपये. माझी पुतणी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी एका कपड्याच्या दुकानात काम करते. तिने पगारातून आठशे रुपये भरले. मी म्हटले, अगं, पाच किलोमीटर धावायला आठशे रुपये? त्यावर ती म्हणाली, “काका, धावायला नाही, वसतिगृहाला देतेय. मीही वसतिगृहात राहूनच बारावी केली ना.” या उत्तरावर बोलण्यासारखे काही नव्हते.

ती धावली. टी-शर्ट मिळाला, छातीवर लावायचा नंबर मिळाला, पदक, केळे आणि पाण्याची बाटली मिळाली. अडीच हजार लोक धावल्याचे व्यासपीठावरून सांगण्यात आले. दोन महिन्यांनी जुनी पुस्तके द्यायला आम्ही दोघे त्याच वसतिगृहात गेलो. गृहपालबाईंनी आनंदाने सांगितले की दौडीच्या आयोजकांनी एक्कावन्न हजारांचा धनादेश दिला, त्यातून न्हाणीघराची दारे आणि नळ दुरुस्त झाले. परत येताना बसमध्ये पुतणीने मोबाइलवर हिशेब केला. अडीच हजार गुणिले आठशे म्हणजे वीस लाख. त्यातले वसतिगृहात पोहोचले एक्कावन्न हजार. म्हणजे प्रत्येक धावणाऱ्यामागे वीस रुपये चाळीस पैसे. तिने विचारले, “मग काका, माझे बाकीचे पैसे कुठे गेले?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

मी आयोजकांपैकी एकाला गाठले. माणूस चिडला नाही, लपवाछपवीही केली नाही. टी-शर्ट, पदके, मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका, वेळ मोजणारी चिप, जाहिरात, नोंदणीच्या यंत्रणेचे कमिशन आणि त्यांच्या कंपनीचा मोबदला, सगळे त्याने तोंडपाठ सांगितले. शेवटी म्हणाला, “सगळे पैसे वसतिगृहाला देऊ असे आम्ही कुठे लिहिले होते?” खरेच आहे, तसे लिहिले नव्हते. पुतणीच्या पावतीवर तर स्वच्छ छापले होते : ‘नोंदणी शुल्क. परत मिळणार नाही.’ देणगी हा शब्द पावतीवर कोठेच नव्हता. तो फक्त फलकावरच्या मुलींच्या चेहऱ्यात होता.

येथेच या विषयाची मेख आहे. धर्मादायाच्या नावाने होणाऱ्या दौडीत दोन पेट्या असतात. एक गल्ला आणि दुसरी दानपेटी. प्रवेश शुल्क बहुतेक ठिकाणी गल्ल्यात पडते. दानपेटीत पडतात ते पैसे निराळे. धावणारा ओळखीपाळखीच्या लोकांकडून एखाद्या संस्थेसाठी जमवतो ते, किंवा कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे गट उतरवून संस्थांना देतात ते. या दोन पेट्या वेगळ्या असण्यात गैर काही नाही. गैर आहे ते गल्ल्यावर दानपेटीचे चित्र चिकटवण्यात.

देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबई मॅरेथॉनचे. २००४ साली ती सुरू झाली. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या नावाने ती बरीच वर्षे ओळखली जात होती, २०१८ पासून ती टाटांच्या नावाने धावते. तिचे आयोजन प्रोकॅम इंटरनॅशनल ही खासगी कंपनी करते. धर्मादाय निधीचे काम युनायटेड वे मुंबई ही वेगळी संस्था पाहते. शेकडो स्वयंसेवी संस्था या निमित्ताने निधी उभारतात आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात, हे मान्य केले पाहिजे. ज्याला एखाद्या संस्थेसाठी धावायचे आहे त्याला ठरावीक देणगी देऊन किंवा जमवून ‘चॅरिटी बिब’ मिळतो. म्हणजे तेथेही स्पर्धेची प्रवेश फी वेगळी आणि संस्थेची देणगी वेगळी. ज्याने फक्त फी भरली त्याने धावण्याची किंमत मोजली, दान दिलेले नाही. पण जानेवारीत आझाद मैदानाच्या परिसरातून परतणाऱ्या दहा जणांना विचारा. त्यातले किती जण हा फरक सांगू शकतील?

परदेशात हा गोंधळ कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ले या दोन धावपटूंनी १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू केली. ती भरवणारी कंपनी एका धर्मादाय न्यासाच्या मालकीची आहे. खर्च वजा जाता उरलेली शिल्लक त्या न्यासाकडे जाते आणि तो लोकांसाठी मैदाने, खेळाच्या सोयी यांना अनुदान देतो. कर्करोगासाठी, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था स्पर्धेतील जागा विकत घेतात आणि त्या जागेवर धावणारा त्या संस्थेसाठी पैसे जमवतो. तेथेही प्रवेश फी थेट रुग्णालयात जात नाही. पण शिल्लक कोणाची, हे ठरलेले आहे. ती एखाद्या मालकाच्या खिशात जात नाही.

दुसरे उदाहरण त्याहून साधे आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पाय लावून, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवत देश ओलांडायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर आजार फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. १९८१ साली वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने त्याच वर्षीपासून जी दौड होते तिला प्रवेश फीच नाही. ज्याला जे द्यायचे ते त्याने द्यावे, नसेल तर नुसते यावे. तेथे गल्लाच नाही, म्हणून गल्ल्यावर चित्र चिकटवण्याचा प्रश्नही नाही.

आता कोणी म्हणेल की अडीच हजार माणसांची दौड फुकट कशी होणार? होणार नाही. रस्ता बंद करावा लागतो, डॉक्टर लागतात, पाणी लागते. उन्हात कोणी कोसळले तर रुग्णवाहिका वेळेवर आली पाहिजे. या खर्चाला आमचा विरोध नाही. पण आठशे रुपयांतले सातशे ऐंशी खर्चात जात असतील, तर फलकावर मुलींचा चेहरा कशासाठी? ‘आमची दौड आहे, टी-शर्ट आणि पदक मिळेल, आठशे रुपये’ एवढेच लिहा. ज्याला धावायचे तो येईल. मुलींचा चेहरा लावला की येतो तो पैसा धावण्याचा राहत नाही, तो विश्वासाचा होतो. विश्वासाच्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो.

आणि हा फरक मोठ्या कंपन्यांना चांगला कळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. मॅरेथॉनला दिलेले पैसे त्यात मोजायचे काय, असा प्रश्न आला. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात सांगितले की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरचा खर्च सामाजिक दायित्वात धरता येणार नाही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नियम दुरुस्त झाले, तेव्हा आपल्या मालाचा बाजार वाढवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वातून वगळण्यात आले. म्हणजे फलकावर नाव झळकवण्यासाठी दिलेला पैसा ही जाहिरात आहे, हे सरकारने कंपन्यांना लेखी बजावले. दुकानात उभे राहून मिळवलेल्या पगारातून आठशे रुपये भरणाऱ्या पोरीला मात्र असे बजावणारे कोणी नाही.

प्राप्तिकराचे तत्त्वही हेच सांगते. देणगी म्हणजे मोबदला न घेता दिलेला पैसा. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, नंबर आणि धावायला जागा मिळाली की ती किंमत झाली. म्हणूनच लोक ज्या पावतीला वर्षानुवर्षे ‘एटी-जी’ची पावती म्हणत आले, ती नोंदणी शुल्कावर मिळत नाही. ही खूण कोणालाही तपासता येते. देणगीची पावती नोंदणीकृत संस्था स्वतःच्या नावाने देते. आयोजकाची पावती ही तिकिटाची पावती असते.

वाचक म्हणतील, आपल्या चळवळीच्या दैनिकात या पळापळीचे काय काम? काम आहे. ज्यांच्या नावाने हा पैसा गोळा होतो ती माणसे कोण आहेत? वसतिगृहातील मुली, झोपडपट्टीतील मुले, कर्करोगाचे गरीब रुग्ण. चेहरा त्यांचा आणि हिशेब मात्र त्यांना कोणी दाखवत नाही. गृहपालबाईंना एक्कावन्न हजारांच्या धनादेशाबद्दल आभार मानावे लागले, एकूण किती जमले हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती. हात पसरलेल्याने मोजू नये, अशी आपल्या समाजाची रीत आहे. आणि त्या रविवारी दहा वाजता रस्त्यावर पडलेले कागदी पेले आणि बाटल्या झाडूवाल्या बायांनी उचलल्या. त्या श्रमाचा रकाना कोणाच्याही अंदाजपत्रकात मी पाहिलेला नाही.

हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात टिळक स्वराज्य फंडात जमलेला पैसा कोठे गेला आणि अस्पृश्यांच्या वाट्याला त्यातले किती आले, हे त्यांनी आकड्यांनिशी तपासले. भावनेला भावनेने उत्तर दिले नाही, जमाखर्च पुढे ठेवला. आणि १९५६ साली नागपूरला त्यांनी आपल्या लोकांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले. माझ्या पुतणीच्या आठशेचा विसावा हिस्सा होतो चाळीस रुपये. वसतिगृहात त्याच्या निम्मेच पोहोचले. तिने चाळीस रुपये थेट गृहपालबाईंच्या हातात ठेवले असते तर त्या मुलींना दुप्पट मिळाले असते.

मात्र बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहावे लागेल. आता १४ एप्रिलला, २६ नोव्हेंबरला आपल्याही वस्त्यांतून समता दौड, संविधान दौड निघते. शंभर-दोनशे रुपये घेतले जातात, टी-शर्टवर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि पाठीवर एखाद्या बिल्डरचे नाव असते. ‘उरलेले पैसे ग्रंथालयाला’ असे सांगितले जाते. किती उरले, कोणत्या ग्रंथालयाला दिले, हे पुढच्या जयंतीपर्यंत कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला चळवळद्रोही ठरवले जाते. हे थांबले पाहिजे. विहाराच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लावणारी मंडळे आपल्यात आहेत. त्यांची रीत सर्वांनी घ्यावी.

मागणी फार मोठी नाही. धर्मादायाच्या नावाने दौड भरवणाऱ्याने फलकावरच, चेहऱ्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी छापाव्यात. एक, प्रवेश शुल्कातील किती रुपये संस्थेला जाणार. दोन, ती संस्था कोणती आणि तिचा नोंदणी क्रमांक काय. तीन, पूर्ण जमाखर्च कोणत्या तारखेला जाहीर होणार. शुल्कातून काहीच जाणार नसेल तर ‘शून्य’ छापावे, त्यात कमीपणा नाही. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. मग त्याच न्यासांच्या नावावर पैसा गोळा करणाऱ्या आयोजकाने एक पान छापायला काय हरकत आहे? पालिका आणि पोलीस रस्त्याची परवानगी देतात. ती देताना त्यांनी हीच अट घालावी. रस्ता जनतेचा आहे, हिशेबही जनतेचा असला पाहिजे.

आणि आपण काय करावे? धावावे, जरूर धावावे. शरीर कमावणे वाईट नाही. पण पैसे भरण्याआधी विचारावे की हे गल्ल्यात जाणार की दानपेटीत? उत्तर मिळाले नाही तर धावायची फी हौसेची समजून द्यावी आणि दान वेगळे, हाताने, पावती घेऊन द्यावे.

माझ्या पुतणीने या वर्षी तेच ठरवले आहे. ती त्या दौडीत नाव घालणार नाही. पहाटे मैदानावर फुकट धावणार आहे आणि आठशे रुपये वसतिगृहाच्या कार्यालयात भरणार आहे. त्या पावतीवर मात्र ‘देणगी’ असा शब्द असेल.

जय भीम.