आकडे चुकले, प्रश्न मात्र कायम

रामटेक आणि देवळाली या दोन विधानसभा मतदारसंघांची नावे ऑगस्ट २०२५ मध्ये एकाएकी देशभर गाजली. २०२४ ची लोकसभा निवडणूक आणि त्याच वर्षीची विधानसभा निवडणूक यांदरम्यान तेथील मतदारांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे आकडे दिल्लीच्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’ अर्थात ‘सीएसडीएस’ या संस्थेतील प्राध्यापक संजय कुमार यांनी समाजमाध्यमावर दिले. दोनच दिवसांत ते मागे घ्यावे लागले. तक्त्यातील ओळी वाचण्यात गफलत झाल्याचे सांगून त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यानंतरही महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने संस्थेला कारणे दाखवा नोटीस बजावली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईला स्थगिती दिली.

चूक गंभीर होती, यात शंका नाही. मात्र या गदारोळात राज्यशास्त्राचा अभ्यासक आणि वाहिन्यांवरील निकालाचे भाकीत करणारा यांना एकाच पंक्तीला बसविण्यात आले. वास्तविक दोघांचे काम वेगळे. कोण जिंकणार, हे सांगून दुसऱ्याचा व्यवसाय संपतो. पहिल्याचा अभ्यास सुरू होतो तो निकाल लागल्यावर.

भारतात या अभ्यासाची पायाभरणी रजनी कोठारी यांनी केली. त्यांनी १९६३ मध्ये ‘सीएसडीएस’ची स्थापना केली, तेव्हा विद्यापीठांतील राज्यशास्त्र प्रामुख्याने ग्रीक तत्त्वचिंतक आणि राज्यघटनेची कलमे यांच्यातच रमलेले होते. मतदार प्रत्यक्षात काय करतो, हे त्याच्या दारात जाऊन विचारले पाहिजे, हा आग्रह नवा होता. जातीमुळे राजकारण नासले, अशी तक्रार सर्वत्र होत असताना कोठारी यांनी १९७० मध्ये प्रश्नच उलटा केला. राजकारणामुळे जातींचे काय होते आहे, हे त्यांनी तपासले. आज प्रत्येक निवडणुकीत आघाड्यांची जातीय गणिते मांडणाऱ्या पत्रकारितेने त्यांचे हे ऋण फारसे मान्य केलेले नाही.

याच संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे निवडायची, मतदानानंतर त्या व्यक्तीच्या घरी जायचे, प्रश्नावली भरून घ्यायची आणि मत कोणाला दिले हे नमुना मतपत्रिकेवर गुप्तपणे नोंदवू द्यायचे, अशी तिची पद्धत आहे. मतदान केंद्राबाहेर घाईघाईने गाठलेल्या मतदारापेक्षा घरी निवांत बसलेला मतदार अधिक मोकळेपणाने बोलतो, हा त्यामागील साधा विचार.

अशा अभ्यासाने रूढ समजुतींना धक्के दिले आहेत. २००४ मध्ये वाजपेयी सरकार गेले, तेव्हा मतदार काँग्रेसकडे वळले, असा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात काँग्रेसच्या मतांची टक्केवारी १९९९ मधील सुमारे २८ वरून २६.५ पर्यंत घसरली होती आणि जागा मात्र ११४ वरून १४५ झाल्या होत्या. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, बिहार येथे जोडलेल्या मित्रपक्षांनी ही किमया केली. देशव्यापी लाट शोधणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. राज्याराज्यांतील आघाड्या पाहणाऱ्यांना उत्तर सापडले.

महाराष्ट्रातील २०२४ चे दोन निकाल याच कसोटीवर पाहण्यासारखे आहेत. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांतील अंतर एक टक्कादेखील नव्हते, तरी जागा ३० विरुद्ध १७ अशा विभागल्या गेल्या. सहा महिन्यांनी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते पडली, म्हणजे वाढ पाचेक टक्क्यांची. पण जागा २८८ पैकी २३०. एकट्या भाजपचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. लोकसभेत २६ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन हा पक्ष २८ पैकी नऊ जागांवर अडकला. विधानसभेत टक्केवारी जेमतेम हलली, पण लढविलेल्या १४९ पैकी १३२ जागा हाती आल्या. विरोधी मते कशी फुटली, लढविलेल्या जागांचे प्रमाण काय होते, हे पाहिल्याशिवाय ‘जनतेचा कौल’ हा शब्द उच्चारणे धाडसाचे ठरते. मात्र तो शब्द विजेत्यांच्या फार सोयीचा असतो. जून २०२४ मध्ये आघाडीने तो वापरला, नोव्हेंबरमध्ये महायुतीने.

‘लाडकी बहीण’ योजनेचेही तसेच. महिन्याला दीड हजार रुपयांनी निवडणूक फिरली, हे विधान आता सिद्धांतासारखे सांगितले जाते. अभ्यासक आधी शेजारी डोकावतो. झारखंडमध्ये महिलांना थेट रक्कम देणारे सरकार त्याच नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले. पण थेट हस्तांतराच्या योजनांचा धडाका लावणाऱ्या आंध्र प्रदेशातील वायएसआर काँग्रेसला त्याच वर्षी १७५ पैकी केवळ ११ जागा मिळाल्या. पैशाचा परिणाम झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो कोठे, कोणावर आणि आणखी कशासोबत झाला, हे लाभ घेतलेल्या आणि न घेतलेल्या महिलांची तुलना केल्यावरच सांगता येते. त्यातही मूळचीच समर्थक असलेली महिला आधी अर्ज करते की काय, ही शंका उरतेच.

मतदारयाद्यांचा वाद याहून अवघड जागी अडकला आहे. दोन निवडणुकांदरम्यान राज्यात सुमारे ४० लाख मतदार वाढले. विरोधकांच्या मते हा घोटाळा आहे, आयोगाच्या मते ही नित्याची नोंदणी. याचा निवाडा मतदान केंद्रनिहाय याद्या पडताळूनच होऊ शकतो. परंतु संगणकावर शोधता येईल अशा स्वरूपात याद्या देण्यास आयोगाने २०२५ मध्येही नकार दिला. उपलब्ध आहेत त्या छायाप्रती. एकेक नाव हाताने उतरवून घेणे म्हणजे एका मतदारसंघासाठी काही महिन्यांचे काम, आणि असे काम करू शकणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक त्या वर्षी आपल्या अनुदानाचा खुलासा करण्यात गुंतली.