मापांची ओळख : गॅलन आणि लिटर

कोकणातून मॉरिशसला आलेल्या पूर्वजांना पायली व शेर ही मापे परिचित होती. नाव एकच, परंतु माप गावोगाव निराळे, हेही त्यांना ठाऊक होते. अमेरिकेच्या गॅलनची कथा अशीच आहे. इंग्लंडमध्ये १७०७ साली मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला व अमेरिकेने तोच कायम राखला. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने मोठा गॅलन स्वीकारला. म्हणून अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आहे.

अमेरिकन गॅलनमध्ये ४ क्वार्ट, ८ पिंट अथवा १६ कप मावतात. म्हणजे एक कप सुमारे २३७ मिलिलिटरचा होतो. गॅलनचे लिटर करावयाचे असल्यास ३.७८५ ने गुणावे. लिटरचे गॅलन करावयाचे असल्यास त्याच संख्येने भागावे.

स्वयंपाकात चमचाभर अधिकउण्याने विशेष बिघडत नाही. औषधाचे तसे नाही. अमेरिकन मापाचा लहान चमचा सुमारे ५ मिलिलिटरचा व मोठा सुमारे १५ मिलिलिटरचा असतो. या दोहोंत गल्लत झाली, तर बालकाच्या पोटात तिप्पट औषध जाते. घरातील चमचेही एका मापाचे नसतात. याच कारणास्तव अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली द्रव औषधाची मात्रा केवळ मिलिलिटरमध्येच सांगावी, अशी शिफारस केली. औषध नेहमी मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापानेच द्यावे. चमचा जेवणापुरताच असू द्यावा.