चाकाचा मूळ रंग

मोटारगाडीचें चित्र हातीं आलें म्हणजे आपली नजर प्रथम तिच्या तोंडवळ्याकडे जाते, मग रंगाकडे, आणि चाकांकडे वळते ती सर्वांच्या शेवटीं. चाकांनीं निमूटपणें फिरावें, एवढीच त्यांजकडून आपली अपेक्षा. तरी आज वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत ते चाकांविषयींच. आणि तेहि त्यांच्या आकाराविषयीं किंवा वेगाविषयीं नव्हेत, तर कारखान्यानें त्यांस दिलेल्या रंगाविषयीं. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या वस्तूची डागडुजी करितांना तिचें काय राखावें व काय पुसून टाकावें, हा प्रश्न या चाकांवर जितका उघडा पडतो, तितका फारच थोड्या ठिकाणीं पडत असेल.

अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत एका नव्या तऱ्हेची गाडी निघाली. अंगकाठी मध्यम, किंमत तरुण नोकरदाराच्या आवांक्यांतली, आणि एंजिन मात्र थोरल्या गाडीचें. १९६४ सालच्या पाँटिॲक जी. टी. ओ. या गाडीपासून या वर्गाचा आरंभ बहुतेक लोक धरतात. पुढें अशा गाडीस ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, असें नांव पडलें. याच वर्गांतली शेव्हरोले कंपनीची कॅमेरो आपण उदाहरणादाखल घेऊं. ती १९६६ च्या सप्टेंबरांत, १९६७ सालची गाडी म्हणून, विक्रीस आली. साध्या गाडीची किंमत २,४६६ डॉलर. ओहायो संस्थानांतील नॉरवुड व कॅलिफोर्नियांतील व्हॅन नाइज अशा दोन ठिकाणच्या कारखान्यांतून त्या पहिल्या वर्षाच्या २,२०,९०६ गाड्या बाहेर पडल्या. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

या गाडीचें साधें चाक पोलादी. गाडी ज्या रंगाची, त्याच रंगाचें सामान्यतः चाक, आणि मध्यें लहानशी चकचकीत टोपी. गिऱ्हाइकानें अधिक पैसे मोजून सबंध चाक झांकणारी तबकडी घेतली, तर आंतलें चाक बहुधा काळें. जें दिसावयाचेंच नाहीं त्याचा रंग गाडीशीं जुळविण्याची यातायात कोण करतो! याहून निराळें तें ‘रॅली’ चाक. त्याच्या मध्यभागाभोंवतीं लांबट छिद्रें असत व त्यांतून ब्रेकला वारा लागे. पुढील चाकांस डिस्क ब्रेक घेतला म्हणजे हीं चाकें मिळत, आणि १९६७ च्या टोपीवर ‘डिस्क ब्रेक’ अशीं अक्षरेंच असत. ब्रेकची जाहिरात चाकानें करावी, अशी ही युक्ति! कडेला स्टेनलेस पोलादाचें झळझळीत कडें, मध्यें टोपी, आणि या दोहोंच्या दरम्यान उरणाऱ्या भागास रुपेरी रंग.

कारखान्याच्या भाषेंत या रंगास ‘अर्जेंट’ म्हणत. शब्द मूळ लॅटिन, अर्थ रुपें; आपल्या ‘रजत’ व ‘अर्जुन’ या संस्कृत शब्दांशीं भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें जोडतात. नांव असें राजेशाही, रंग मात्र अगदीं गरीब. धातूचे बारीक कण मिसळलेलें तें एक रोगण. वर संरक्षक असा पारदर्शक थर नाहीं. झांक मंद, पावसाळी आभाळासारखी किंचित् करडी. चाकाची मागील बाजू काळपट, आणि तिजवर पुढून निसटून आलेले रुपेरी तुषार तेवढे उडालेले. कडें व टोपी यांचा झगझगाट डोळ्यांत भरतो तो या मंद रंगाच्या शेजारामुळेंच.

आतां या गाड्यांनीं पन्नाशी ओलांडली आहे. हौशी मालक ती दुरुस्तीस काढतो. चाकें उतरवितो, वाळूच्या फवाऱ्यानें जुना रंग खरवडतो, आणि त्यावर आरशासारखा नवा रंग चढवितो, किंवा सरळ क्रोमचा मुलामा देतो. मुलामा देण्यापूर्वीं पोलाद घासून गुळगुळीत करावें लागतें. मग बहुधा तांबें, त्यावर निकेल, व सर्वांवर क्रोमियमचा अतिशय पातळ थर. आपण जिला क्रोमची चकाकी म्हणतों ती पुष्कळशी खालच्या निकेलची असते. वरचा थर तिला काळवंडूं देत नाहीं, इतकेंच. काम सुरेख होतें, यांत शंका नाहीं. पण त्या घासण्यांत गेलें काय? चाकावर तें बनविणाऱ्यानें ठशानें उमटविलेलीं अक्षरें व आंकडे असतात. मापाची खूण, आणि तें चाक कोणत्या सालीं, कोणत्या महिन्यांत, कोणत्या दिवशीं तयार झालें याची नोंद त्यांत असते. त्या ठशांची धार बोथट होते. मागील बाजूचे तुषारहि जातात. आणि रंगाचा फवारा त्या दिवशीं कसा फिरला याची साक्ष देणारें दुसरें कांहींच उरत नाहीं.

माझें मत स्पष्ट सांगतों. जेथें मूळ रंग थोडाबहुत टिकला असेल, तेथें तो धुवून पुसून तसाच ठेवावा, मग तो कितीहि फिका दिसो. जेथें तो अगदींच गेला असेल, तेथें तोच मंद रुपेरी रंग द्यावा. त्याहून चांगला देऊं नये.

‘चांगला देऊं नये’ या शब्दांनीं कित्येक पालक हंसतील, हें मी जाणून आहें. गाडी ज्याची, चाकें त्याची; त्यानें तीं सोन्यानें मढवावींत! कायद्यानें हें खरेंच आहे. परंतु मालकानें केलेली गोष्ट ‘मूळची’ म्हणून सांगितली, कीं तिचा संबंध केवळ त्याच्या पैशाशीं राहात नाहीं; पुढें ती पाहणारा मुलगा १९६७ चें चाक असेंच होतें असें समजून घरीं जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्षाला दोन लाखांवर गाड्या काढणाऱ्या कारखान्यानें घाईनें मारलेला हा स्वस्त रंग. त्या घाईची पूजा कशाकरितां? पूजा नकोच. पण ती घाई हीच त्या काळाची खरी हकीकत आहे. जी गाडी थोड्या पैशांत हजारों तरुणांच्या दारीं गेली, ती तशी जाऊं शकली तें अशाच काटकसरीमुळें. चाकावरचा तो गरीब रंग पुसला, म्हणजे स्वस्ताईचें मर्महि पुसलें जातें आणि गाडी एखाद्या संस्थानिकाची असावी तशी दिसूं लागते. शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट गाडीच्या शोकिनांनीं १९७४ सालीं एक मंडळ स्थापिलें. त्यांचे परीक्षक गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां जशी होती, तशी आतां आहे कीं नाहीं, हें पाहतात. तिच्याहून सुंदर केलेल्या गाडीचे ते गुण कापतात. हा न्याय मला फार आवडतो.

मात्र मंद रंग म्हणजेच मूळ रंग, असा उलट हट्टहि नको. १९६५ च्या फोर्ड मस्टँगला जादा किंमतीचीं क्रोम दिलेलीं पोलादी चाकें मिळत. १९७० च्या ब्यूक जी. एस. एक्स. चीं चाकेंहि क्रोमचींच. त्यांना कोणी करडा रंग फांसील, तर तोहि तितकाच खोटेपणा. ज्याचें जें, तें त्याला.

एका बाबतींत मात्र मी आक्षेपकांच्या पूर्णपणें बाजूचा आहें. चाक ही शोभेची वस्तु नव्हे. सगळ्या गाडीचा भार त्यावर असतो. गंजानें खाल्लेलें किंवा तडा गेलेलें चाक जुनें म्हणून रस्त्यावर आणणें हा वेडेपणा आहे. हल्लीं जुन्या घाटाचीं नवीं रॅली चाकें विकत मिळतात. तीं लावून खुशाल हिंडावें, कोणी विचारल्यास नवीं आहेत असें सांगावें, आणि जुनीं कोरड्या जागीं ठेवावींत.

राहिलें पांचवें चाक. गाडीच्या मागच्या पेटींत जोडचाक ठेवलेलें असतें. कित्येक गाड्यांत तें वर्षानुवर्षें बाहेर निघालेलेंच नसतें. त्यास ना ऊन लागलें, ना चिखल. मूळ छटा कशी होती, मागें तुषार कुठवर उडाले होते, हें अशा चाकावरून कळतें. पण बाकीच्या चारांना नवा रंग देतांना, पांचांचा जोड एकसारखा दिसावा म्हणून, रंगारी बहुधा तेंहि मागतो. चार न्यावींत, तें तेवढें देऊं नये.