अंगावरचे दूध सुटताना

मराठीत मुलाचे अंगावरचे दूध ‘तोडतात’. क्रियापद कठोर आहे आणि पुष्कळ घरांत ती क्रियाही तशीच घडते. जावळी तालुक्याचे ठाणे असलेल्या मेढ्यासारख्या बाजारगावात दुकान पुढे आणि घर मागे अशी मांडणी अजून आढळते. तेथे आल्यागेल्याला घरातले सारे ठाऊक असते. मूल दीड वर्षाचे झाले की “अजून पाजतेस का गं?” हा प्रश्न सूनबाईंना दिवसातून दोनदा ऐकावा लागतो. मग एके दिवशी सासूबाई कडुनिंबाचा पाला वाटून लावायला देतात, नाहीतर आईला आठ दिवस माहेरी धाडले जाते. मूल दोन रात्री रडते, तिसऱ्या रात्री थकून झोपते आणि दूध तुटले म्हणून घर सुटकेचा निःश्वास टाकते. त्या रडण्याची भरपाई म्हणून बाटलीभर म्हशीचे दूध सुरू होते. खरा प्रश्न येथून पुढे उभा राहतो.

प्रथम वयाविषयी. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले आरोग्य खाते यांचे सांगणे एकच आहे. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध. ६ महिने पूर्ण होताच उष्टावण करून घरचा मऊ आहार. आणि त्या आहाराच्या जोडीने २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अंगावरचे दूध. ‘वर्षानंतर त्या दुधात सत्त्व उरत नाही’ हा समज निराधार आहे. दुसऱ्या वर्षातही मुलाच्या ऊर्जेच्या गरजेचा सुमारे एक-तृतीयांश भाग आईचे दूध भागवू शकते. तापात किंवा जुलाबात मूल घास नाकारते, तेव्हा तेच पोटात जाते. दुसऱ्या बाळाची चाहूल लागली म्हणूनही त्याच दिवशी पाजणे बंद करावे लागत नाही. गर्भारपण निकोप असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते काही काळ चालू राहू शकते. मात्र आई थकली असेल, तिला कामावर परतायचे असेल किंवा तिला स्वतःलाच आता थांबावेसे वाटत असेल, तर ते कारण पुरेसे मानावे. हा निर्णय शेजारणीचा नव्हे, आईचा आहे.

थांबायचे ठरले की घाई करू नये. दिवसातले एक पाजणे निवडावे, शक्यतो दुपारचे, आणि त्या वेळी मुलाला खाणे, पेल्यातले दूध किंवा खेळ द्यावा. चार-सहा दिवसांनी ते अंगवळणी पडले की दुसरे पाजणे कमी करावे. झोपेच्या वेळचे सर्वांत शेवटी सोडावे. त्या दिवसांत वडिलांनी किंवा आजीने मुलाला थोपटून झोपवले, तर निम्मे काम होते. असे केल्याने आईच्या छातीत दूध साठून गाठी येत नाहीत, ठणका लागत नाही आणि मुलालाही आई दुरावल्याचा धक्का बसत नाही. मूल आजारी असताना, दात येऊन बेजार असताना किंवा पाण्यापासून जुलाब पसरण्याच्या ऐन पावसाळ्यात ही सुरुवात टाळावी.

आता वरच्या दुधाविषयी. एक वर्षाच्या आत गायीचे किंवा म्हशीचे दूध मुलाचे मुख्य दूध म्हणून देऊ नये. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला प्रथिने सुमारे १ ग्रॅम असतात. गायीच्या दुधात ती ३ ग्रॅमहून अधिक आणि म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. हा भार तान्ह्याच्या मूत्रपिंडावर पडतो. शिवाय कोवळ्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. त्या वयात काही कारणाने आईचे दूध मिळतच नसेल, तर पर्याय डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

वर्ष उलटल्यावर गायीचे किंवा म्हशीचे, जे घरी येते ते दूध चालते. सकाळी गावातून थेट दारी येणारे दूध चांगले उकळून घ्यावे. त्यात पाणी घालून पातळ करण्याची गरज नाही. जड वाटले तर वरची साय काढावी. शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल फारच कमी असते, म्हणून केवळ त्याच्यावर मूल ठेवू नये. हल्ली काही तरुण कुटुंबे अहिंसेच्या विचाराने बदामाचे किंवा तांदळाचे ‘दूध’ निवडतात. भावना आदरणीय आहे, पण त्यात प्रथिने अगदी थोडी असतात. लहान मुलासाठी ते जनावरांच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. ज्यांना तोच मार्ग धरायचा आहे त्यांनी आहारतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. दूध पेल्यातून किंवा वाटी-चमच्याने पाजावे. पूर्वीचे बोंडले यासाठीच होते. बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही, आणि बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे पुढचे दात किडतात.

यानंतरचा मुद्दा व्यापारी घराला हिशेबानेच पटेल. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे १००० कॅलरी मिळतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरजही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे दिवसभरात लिटरभर दूध प्यायलेल्या मुलाला भूक राहत नाही, आणि ‘आमचा बाळ जेवतच नाही, दुधावरच आहे’ अशी तक्रार कौतुकाच्या सुरात ऐकू येते. आता लोहाचा रकाना पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार या वयाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागते. लिटरभर दुधातून साधारण अर्धा मिलिग्रॅम मिळते. उलट दुधातील कॅल्शियम अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते. ऊर्जेचे खाते भरते, मूल गुटगुटीत दिसते आणि लोहाचे खाते रोज तुटीत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. तो भरल्या घरातही असतो. रक्त कमी असलेले मूल चिडचिडे होते, लवकर थकते, भिंतीचे पोपडे किंवा माती खाते. बुद्धीच्या वाढीवरही त्याचा परिणाम होतो.

म्हणून एका दुधाऐवजी दुसरे दूध भरून काढणे हे उत्तर नव्हे. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे दोन मध्यम पेले, एवढ्यावर थांबवावे आणि बाकीची भूक ताटासाठी राखावी. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात बटाटा आणि गाजराचा प्रश्न येतो. पण तांबडा भोपळा गाजराची उणीव भरून काढतो आणि केळे किंवा मऊ भात बटाट्याची. जावळीच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी तर हाताशीच आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि चार मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. मुगाची खिचडी, मसुराचे वरण, मऊ शिजवलेले कुळीथ, राजगिरा आणि वर लिंबाचे चार थेंब असे जेवण असावे. लिंबामुळे लोह अधिक शोषले जाते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात कच्चे दही आणि डाळ एकत्र येत नाही. दूध-दही आणि डाळीच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवणे लोहाच्या दृष्टीनेही हिताचेच. चहा-बिस्किटाची सवय मात्र लावू नये, कारण चहा लोह अडवतो. सरकारी कार्यक्रमात या वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषध मिळते. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत त्याची चौकशी करण्यात कोणताही कमीपणा नाही.

आणखी काही परंपरा येथे साह्यकारी आहेत. मध आपल्याकडे त्याज्य आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये असे डॉक्टरही सांगतात. गाळून उकळलेले पाणी तर बाळासाठी उत्तमच. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मुलाच्या झोपेला मानवते. मात्र तान्ह्याने रात्री मागितलेले अंगावरचे दूध नियमाच्या नावाखाली नाकारू नये. आईकडेही पाहावे. शाकाहारी आईच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर ते तिच्या दुधातही कमी उतरते. सहा महिन्यांनंतरही केवळ अंगावर राहिलेल्या अशा मुलांत सुस्ती, हातापायांचा कंप आणि विकास मागे पडणे ही लक्षणे बालरोगतज्ज्ञांना दिसतात. पाजणाऱ्या आईने तिची तपासणी करून घ्यावी आणि पर्युषणातील मोठी तपश्चर्या पुढच्या वर्षावर ठेवण्यास घरातील वडीलधाऱ्यांनी तिला आपणहून मोकळीक द्यावी.

शेवटची गोष्ट दुकानाच्या गल्ल्याशी निगडित आहे. बाळाच्या दुधाचे डबे आणि बाटल्या यांच्याविषयी १९९२ साली केंद्राने कायदा केला आणि २००३ मध्ये तो कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुग्धपर्याय, शिशुआहार आणि बाटल्या विकण्यास मनाई नाही. पण त्यांची जाहिरात करणे, खप वाढवण्यासाठी भेटवस्तू, नमुने किंवा प्रलोभन देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ‘एकावर एक मोफत’ची पाटी या मालावर लावता येत नाही, हे किराणा व औषध दुकानदारांनी नोकरांनाही समजावून ठेवावे. वर्षानंतरच्या निरोगी मुलाला डब्यातले महागडे ‘वाढीचे दूध’ लागतच नाही. एखादी तरुण आई गल्ल्यापाशी येऊन “अंगावरचे सोडवतेय, कोणता डबा देऊ?” असे विचारील, तेव्हा तिला नाचणीचे पीठ आणि मुगाची डाळ दाखवावी, आणि मूल वर्षाच्या आतले असेल तर आधी डॉक्टरांकडे जायला सांगावे. विक्री थोडी कमी होईल. पण गिऱ्हाईक टिकेल आणि मूलही सुदृढ होईल.